घरातला माग

आमच्या घरात मराठी आणि कानडी या दोन जावा गुण्यागोविंदाने नांदतात, हे या सदराच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. सौ.चे माहेर रबकवी-बनहट्टीचे, माझे घर शहापूरचे. भाजी कानडीत येते, हिशेब मराठीत होतो आणि बारावीतले आमचे चिरंजीव ओम दोन्ही भाषांत सारख्याच जोमाने वाद घालतात. या घरात गेल्या दिवाळीनंतर आणखी एक माणूस राहायला आले. सौ.चे वडील. ओमचे अज्जा, म्हणून आता सगळ्यांचेच अज्जा.

अज्जांचे वय ७८. त्यातली चाळीस वर्षे बनहट्टीत यंत्रमागावर गेली. अज्जी गेल्यावर एकट्याने राहणे जमेना, म्हणून आम्ही त्यांना इकडे आणले. माणूस मुळात फार बोलका. आमच्या लग्नात माझ्या मोडक्या कानडीवरून सगळा मांडव हसवला तो यांनीच. पण आमच्याकडे आल्यापासून ते गप्प झाले. काही विचारले तर "हूं", पुन्हा विचारले तर नुसती मान. संध्याकाळी सगळे बाहेरच्या खोलीत जमलो की ते खिडकीकडे तोंड करून बसत. सौ.ला वाटे, आईची आठवण येत असेल. मला वाटे, जावयाच्या घरी राहण्याचा संकोच असेल. ओमला वाटे, अज्जांना आपल्यात रसच नाही. तिघांनी तीन कारणे शोधली आणि तिन्ही चुकली.

खरे कारण त्याच खोलीच्या कोपऱ्यात होते. ओमचा गेमिंगचा कॉम्प्युटर. २०१५ साली माझ्या पुतण्याने सुटे भाग आणून तो जमवला होता. पुढे पुतण्या नोकरीला बेंगळुरूला गेला आणि कॉम्प्युटर ओमच्या वाट्याला आला. चार कोअरचा प्रोसेसर, वेगळे ग्राफिक्स कार्ड, एक टेराबाइटची हार्ड डिस्क आणि दर्शनी बाजूला निळे दिवे. ओमचा अभ्यास त्यावर, खेळही त्यावरच. वर्षे गेली तसा त्याचा आवाज वाढत गेला, पण रोज थोडा थोडा. त्यामुळे आमच्या कानांना तो ऐकूच येईनासा झाला. पाहुणे मात्र विचारत, "आत मिक्सर चालू आहे का?"

एका संध्याकाळी वीज गेली. यूपीएसने चार वेळा टीव-टीव केले, ओमने घाईने कॉम्प्युटर बंद केला आणि खोली एकदम शांत झाली. सौ. अंधारात मेणबत्ती शोधत होती. शोधता शोधता ती कानडीत सहज काहीतरी पुटपुटली, गावाकडच्या सुगीबद्दल. आणि खिडकीपाशी बसलेले अज्जा बोलू लागले. ते पाऊण तास बोलत होते. बनहट्टीचा बाजार, मागाच्या मालकाशी झालेले भांडण, पहिल्या पगारात अज्जीसाठी आणलेले खण. ओम खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसला. मग वीज आली. ओमने उठून बटण दाबले, कोपऱ्यात घरघर सुरू झाली आणि अज्जांचे वाक्य अर्ध्यावर तुटले. त्यांनी हात हलवला आणि एवढेच म्हणाले, "सद्द भाळ ऐति."

फार आवाज आहे! चार महिने आम्ही त्यांच्या मनाचा ठाव घेत होतो आणि गोष्ट होती कानाची.

दुसऱ्या दिवशी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेले. तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी जे सांगितले ते सीमाभागातल्या पुष्कळ घरांना लागू पडेल. मागशाळेतला आवाज ९० डेसिबलच्या पुढे जातो. वर्षानुवर्षे तो ऐकला की आतल्या कानातल्या नाजूक पेशी मरतात आणि त्या पुन्हा तयार होत नाहीत. आधी जाते ती वरची पट्टी, साधारण ४००० हर्ट्झच्या आसपासची. आपल्या बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येतात. पण स, श, त, फ अशा व्यंजनांचा बारीक भाग वरच्या पट्टीत असतो, तो निसटतो. त्यामुळे कुणीतरी बोलते आहे हे अज्जांना कळते, काय बोलते ते कळत नाही. त्यात खोलीत सतत घरघर असेल तर हाती लागलेले शब्दही बुडतात. श्रवणयंत्र घ्याच, डॉक्टर म्हणाले, पण ते यंत्र बोलण्याबरोबर घरघरही मोठी करते. आधी खोली शांत करा.

घरी येऊन आम्ही तिघांनी विचारविनिमय केला. ओमचा पहिला उपाय हेडफोन. पण हेडफोनने त्याच्या कानांची सोय होणार होती, अज्जांच्या नव्हे. कॉम्प्युटर दुसरीकडे हलवावा तर दुसरी खोली नाही. शेजाऱ्यांनी सुचवले, कपाटात ठेवून दार लावून घ्या. आणि ओमचा लाडका उपाय होता नवीन घेण्याचा. त्याने काढलेला साठ-सत्तर हजारांचा आकडा ऐकून मीच गप्प झालो.

तेवढ्यात अज्जा उठले. कोपऱ्यात जाऊन त्यांनी चालू कॉम्प्युटरच्या पत्र्यावर तळहात ठेवला. मग ओमची लाकडी फूटपट्टी मागितली. तिचे एक टोक पत्र्याला टेकवले आणि दुसरे कानामागच्या हाडाला. डोळे मिटून ते एकेक जागा तपासत गेले. मागाचे कुठले बेअरिंग झिजले आहे ते गोंगाटात असेच शोधत, असे त्यांनी नंतर सांगितले. वरची पट्टी गेलेल्या माणसाला हाडातून येणारा कंप अजून कळत होता. पाच मिनिटांनी त्यांनी निकाल दिला. यात एक यंत्र नाही, चार आहेत. खाली एक एकसारखे फिरते. मधले धापा टाकते. त्याच्या शेजारचे लंगडते. मागचे बरे आहे. आणि पुढे म्हणाले, "इदक गाळि बेक." याला हवा हवी.

ओमने डबा उघडून पाहिले. खाली हार्ड डिस्क, मध्ये प्रोसेसरचा पंखा, शेजारी ग्राफिक्स कार्ड, मागे केसचा पंखा. चारही निदाने बरोबर निघाली. त्या क्षणापासून ओमच्या लेखी अज्जांचा भाव वधारला.

मग सलग तीन रविवार आमच्या व्हरांड्यात जे काम चालले ते सांगतो. ज्यांच्या घरी असा जुना कॉम्प्युटर आहे त्यांना उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट समजून घ्यायची ती अशी, की आवाज हे लक्षण आहे आणि रोग आहे उष्णता. आतले भाग तापले की पंखे जोरात धावतात आणि आपल्याला ऐकू येते ती त्यांची धावपळ. म्हणून डबा कपाटात कोंडणे किंवा त्याला गादी-फोम गुंडाळणे म्हणजे तापलेल्या माणसावर गोधडी घालणे. हवा अडते, उष्णता वाढते, पंखे आणखी धावतात.

पहिला रविवार धुळीचा. कॉम्प्युटर बंद करून प्लग काढला, बटण काही सेकंद दाबून धरले आणि पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली. आपल्याकडची तांबडी धूळ किती चिवट, ते प्रत्येक गृहिणी जाणते. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या असतात. पंखा आणि पट्ट्या यांच्यामध्ये धुळीचा चक्क नमदा बसला होता. अज्जांनी तो चिमटीत धरून पाहिला आणि हसले. मागाखाली जमणारा कापसाचा तूस अगदी असाच. मऊ ब्रशने आणि ब्लोअरने सगळे साफ केले. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते पेन्सिलीने अडवून धरायचे, नाहीतर ते वेड्यासारखे गरगरते आणि बेअरिंग खराब होते. एवढ्यानेच खेळताना प्रोसेसरचे तापमान ८८ अंशांवरून ७७ वर आले. खर्च शून्य.

दुसरा रविवार पंख्यांचा. प्रोसेसर आणि त्याच्यावरचा धातूचा ठोकळा यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट असते. दहा वर्षांत ती वाळून खडूसारखी झाली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ती पुसली आणि जुन्या बुटक्या कूलरच्या जागी १२० मिलिमीटर पंख्याचा उंच कूलर बसवला. खाली नवीन पेस्टचा वाटाण्यापेक्षा लहान ठिपका. असे कूलर बहुधा १५५ ते १६० मिलिमीटर उंच असतात, म्हणून विकत घेण्याआधी आपल्या डब्यात तेवढी जागा आहे का, ते मोजावे. नाहीतर झाकण लागत नाही.

मोठा पंखाच का? छताचा पंखा आणि टेबलावरचा छोटा पंखा आठवा. छताचा संथ फिरूनही खोलीभर वारा देतो, छोटा तेवढ्या वाऱ्यासाठी जीव तोडून ओरडतो. ८० मिलिमीटरचा पंखा १२० चा केला की क्षेत्रफळ सव्वादोन पट होते, म्हणून तो सावकाश फिरला तरी चालते. आणि सावकाश फिरण्याचा लाभ आपल्या अंदाजापेक्षा पुष्कळ मोठा असतो. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. निम्मी हवा कमी पडते म्हणून त्याच वेगाचा तसाच दुसरा पंखा लावला, तर आवाजात भर पडते फक्त ३ डेसिबलची. म्हणजे हवा पूर्वीइतकीच आणि आवाज १२ डेसिबल कमी. एकाला राबवण्यापेक्षा दोघांनी सावकाश काम करावे, हे आमच्या कॉलेजच्या व्यवस्थापनालाही कुणीतरी समजावून सांगायला हवे. असो. आम्ही केसला पुढे एक आणि मागे एक असे १२० चे दोन पंखे लावले.

पंखे बदलले तरी एक त्रास उरला. आवाज सारखा चढ-उतार करी. कानाला एकसुरी आवाजापेक्षा बदलणारा आवाज जास्त टोचतो. कॉम्प्युटर सुरू होताना जी बायोसची पाने उघडता येतात, त्यांत किती तापमानाला पंख्याने किती धावायचे ते ठरवता येते. ओमने ६० अंशांपर्यंत संथ एकच वेग ठेवला आणि पुढची चढण सौम्य केली. क्षणभर तापमान वाढले तर पंख्याने लगेच दचकू नये, अशीही सोय तिथे असते.

तिसरा रविवार लंगडणाऱ्याचा आणि एकसारख्या फिरणाऱ्याचा. ग्राफिक्स कार्डावरच्या दोन पंख्यांपैकी एकाचे बेअरिंग झिजले होते. त्याच मापाचा पंखा मागवून ओमने तो बसवला. पण खरा उपाय स्क्रू ड्रायव्हरने नव्हे, खेळाच्या सेटिंगमधून झाला. ओमचा मॉनिटर सेकंदाला ६० चित्रे दाखवतो आणि कार्ड मात्र काही खेळांत दीडशे-दोनशे चित्रे काढत बसले होते. पंगतीला साठ माणसे आणि स्वयंपाक दोनशेंचा! उरलेली मेहनत उष्णता होऊन खोलीत येत होती. ओमने चित्रांवर ६० ची मर्यादा घातली आणि कार्डाची वीज ८० टक्क्यांवर बांधली. खेळ सपक होणार म्हणून तो आधी कुरकुरला. नंतर त्याला फरक सांगता येईना.

उरली हार्ड डिस्क. तिची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. ती घुमघुम पत्र्यात उतरते, पत्र्यातून टेबलात आणि टेबलातून खोलीत. अज्जांच्या हाताला पहिल्यांदा लागली ती हीच. तिच्या जागी एसएसडी बसवली. तिच्यात फिरणारे काहीच नाही, त्यामुळे आवाजही नाही, आणि कॉम्प्युटर सुरूही झटकन होतो. जुनी डिस्क फोटोंची दुसरी प्रत म्हणून कपाटात ठेवली. अज्जांच्या सांगण्यावरून टेबलावर डब्याच्या चार पायांखाली रबराचे तुकडेही आले.

नवीन एसएसडीवर सगळे नव्याने घालायचेच होते, म्हणून आणखी एक निर्णय घेतला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० साठीच्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-सुधारणा बंद झाल्या आणि आमचा जुना प्रोसेसर विंडोज ११ च्या मान्य यादीत बसत नाही. म्हणून ओमने लिनक्स मिंट घातले. त्याचे बहुतेक खेळ त्यावर चालतात. मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचा एक खेळ मात्र चालत नाही. तो त्याने सोडला. हे त्याने आम्हाला सांगितलेही नव्हते, त्याच्या मित्राकडून कळले.

एक सूचना जाड अक्षरांत वाचावी. वीजपुरवठ्याची पेटी, म्हणजे पॉवर सप्लाय, घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यातल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार राहू शकतो. तिच्या जाळीवरची धूळ बाहेरून झटकावी आणि तीच आवाज करत असेल तर अख्खी बदलावी.

सगळा खर्च नऊ हजारांच्या आत बसला. फोनवरचे आवाजमापक फार अचूक नसते, पण एकाच जागेवरून आधी आणि नंतर मोजले तर फरक समजतो. अज्जांच्या खुर्चीपाशी खेळ चालू असताना पूर्वी ५४ आकडा येई, आता ३८ येतो. १० डेसिबल उतरले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो, म्हणजे आमची घरघर तिसऱ्या हिश्श्यावर आली. साधे बोलणे ६० च्या आसपास असते. ५४ च्या घरघरीतून ६० चे बोलणे वेचून काढणे तरण्या कानालाही कष्टाचे, अज्जांच्या कानाला तर अशक्य होते.

यातून चमत्कार झाला असे सांगणार नाही. गेलेले ऐकू परत येत नाही. अज्जा अजूनही शब्द चुकतात, श्रवणयंत्र लावायला कंटाळतात आणि आम्ही पाठमोरे बोललो तर काही कळत नाही. पण आता त्यांची खुर्ची खिडकीकडून वळून खोलीकडे झाली आहे. परवा ओम खेळत होता. अज्जा मागे उभे राहून बराच वेळ पाहत होते आणि मग त्यांनी विचारले, "ई आटदाग गेल्लोदु हेंग?" या खेळात जिंकायचे कसे? ओमने खेळ थांबवला, त्यांच्याकडे तोंड फिरवले आणि सावकाश, अर्ध्या कानडीत नि अर्ध्या मराठीत समजावू लागला. त्याने खेळ थांबवून कुणाला उत्तर दिलेले मी प्रथमच पाहिले.

मला मात्र एक गोष्ट सलते. त्या चार महिन्यांत आम्ही अज्जांच्या गप्पपणाला किती नावे दिली! संकोच, दुःख, म्हातारपण, स्वभाव. त्यांनी तक्रार केली नाही याचेही कारण आता कळते. ज्याने चाळीस वर्षे मागाच्या खडखडाटात काढली, त्याला वाटले की आवाज सोसायचाच असतो, घर दुसऱ्याचे आहे, मुलाचे यंत्र आहे. आणि आम्हाला वाटले, माणूस बदलला.

वाचकहो, आपल्या घरातले कुणी वडीलधारे अलीकडे गप्प झाले असेल तर आज संध्याकाळी एक करून पाहा. कॉम्प्युटर, टीव्ही, मिक्सर, पंखा, जे काही चालू असेल ते दहा मिनिटे बंद करा आणि त्यांच्यासमोर बसून, तोंडाकडे पाहत, एखादी जुनी गोष्ट विचारा. काही उमगले तर मग डॉक्टर आणि स्क्रू ड्रायव्हर दोन्ही आहेतच.

आमच्याकडचे काम अजून संपलेले नाही. काल रात्री जेवताना अज्जांनी छताच्या पंख्याकडे बोट दाखवून फूटपट्टी मागितली. सौ.ने स्टूल द्यायला साफ नकार दिला. रविवारी ओम चढणार आहे.